प्रेसखालचा हात

त्या वर्षी मी पोटासाठी बोटं तोडत होते. सकाळी मरोळच्या गाळ्यात येऊन चहा घेतला की पहिला पंजा चिरडायचा. दुपारच्या डब्याआधी एखादीचे केस मशीनच्या पट्ट्यात ओढून तिची टाळू सोलायची. संध्याकाळपर्यंत कोणाला तरी शॉक देऊन भिंतीवर फेकायचं. हे सगळं पडद्यावर, चित्रांत. पण दिवसभर तेच केलं की घरी जाताना बसमध्ये शेजारच्या बाईने दांडा धरला तरी मला तिची बोटं सुटी सुटी दिसायची.

काम असं होतं. यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने पूर्वी कधीतरी कामगारांसाठी सुरक्षेचे धडे बनवून घेतले होते, फ्लॅशमध्ये. म्हणजे त्या काळी वेबसाइटवर जे काही हलायचं, उड्या मारायचं, ते ज्यात बनायचं त्यात. धड्यात कामगाराला एक प्रसंग दाखवायचा आणि आता तू काय करशील असं विचारायचं. बरोबर केलं तर टाळ्या, चुकीचं केलं तर अपघात. मग एक दिवस सगळ्या ब्राउझरांनी फ्लॅश कायमचं बंद केलं आणि त्या धड्यांच्या जागी नुसते करडे चौकोन उरले. कंपनीला उशिरा जाग आली. धडे पुन्हा चालायला हवेत, आणि आता ते कामगारांच्या मोबाइलवर चालायला हवेत. ते काम आमच्याकडे आलं. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे आणि बॉसकडे, कारण ऑफिसात आम्ही दोघंच. तो कोड लिहायचा, मी चित्रं हलवायचे.

जुने धडे ज्याने कोणी बनवले होते त्याला मी कधी बघितलं नाही, पण तो माणूस माझ्या पसंतीचा होता. त्याने रक्ताच्या बाबतीत हात आखडता घेतला नव्हता. बोट तुटलं की ते टेबलावर पडायचं, एकदा हलायचं आणि मग शांत व्हायचं. रक्त पडद्याच्या आतल्या बाजूने काचेवर उडायचं आणि ओघळायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुर्चीत मागे सरकले आणि मग मोठ्याने हसले. बरं वाटलं. कोणीतरी खरं सांगत होतं.

माझ्या स्वभावाबद्दल सांगून टाकते, नाहीतर पुढचं समजणार नाही. माझा हात आधी चालतो आणि तोंड नंतर. लग्न केलं होतं. नवऱ्याने एकदा थोबाडीत मारली, मी त्याला परत मारली, त्याच्यापेक्षा जोरात, आणि बॅग भरून मुलुंडला आईकडे आले ती कायमचीच. आई त्यावर तिच्या मालवणीत एवढंच म्हणाली, बरा झाला. तेव्हापासून घरात आम्ही तिघं, आई, मी आणि माझा मोठा भाऊ.

तर जुने धडे नव्यात घालायला सॉफ्टवेअर मिळतं. एका बाजूने जुनी फाइल टाकायची, दुसऱ्या बाजूने नवी बाहेर येते. ऐकायला झकास. प्रत्यक्षात वाट लागते. कामगाराचा हातमोजा मनगटापासून सुटून पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. एकाचा डोळा हनुवटीवर आला. पण सगळ्यात वाईट झालं ते प्रेसच्या धड्याचं. प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं मशीन. खाली साचा, वर लोखंडी ठोकळा, मधे पत्रा. ठोकळा आपटला की पत्र्याची वाटी होते, झाकण होतं, काय हवं ते होतं. मधे हात असला तर हाताचंही होतं.

जुन्या धड्यात सेकंदाला बारा चित्रं होती. एका चित्रात ठोकळा वर, पुढच्याच चित्रात खाली. मधे काही नाही. तो फटका तिथेच होता, त्या मधल्या काही नसण्यात. नव्या सॉफ्टवेअरला ते रिकामं बघवलं नाही. त्याने आपल्या मनाने मधे चित्रं भरली, आणि ठोकळा गुळगुळीत सरकत खाली आला, झोपलेल्या पोराच्या अंगावर आई पांघरूण घालते तसा. त्याच्याखाली हात चिरडत होता आणि बघणाऱ्याला झोप आली असती. मी ती भरलेली चित्रं एकेक करून उडवली. मारायचं तर मधे वेळ द्यायचा नसतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आणि मग क्लायंट म्हणाला, रक्त नको.

“लाल फुली टाक ना,” बॉस म्हणाला. “हात आत गेला की फुली, आणि खाली लिही, चुकीचं उत्तर.”

“फुलीने कोणाचं बोट तुटतं?”

“अरे यार, मोबाइल आहे तो. घरी लेकरं बघतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे.”

मी पाण्याची स्टीलची बाटली भिंतीवर फेकली. तिला आधीच पोचे होते, आणखी एक पडला. बॉस घाटकोपरचा, शांत माणूस, माझ्यासारखीला सांभाळून घ्यायची त्याला सवय झाली होती. त्याने बाटली उचलून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “झालं? आता फुली टाक.” मी फुली टाकली. पगार तो देत होता.

त्या धड्याचं खरं काम रक्त नव्हतंच म्हणा. खरं काम होतं दोन बटणं. प्रेसवर डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक बटण असतं, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा येताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर, साच्याबाहेर. दोन हात बाहेर असले की आत चिरडायला काही उरत नाही. एवढी साधी युक्ती आहे. जुन्या धड्यात त्यासाठी कीबोर्डची दोन टोकं वापरली होती, डाव्या टोकाची एक की आणि उजव्या टोकाची एक. कामगाराला दोन्ही हात वापरल्याशिवाय धडा पुढे नेताच यायचा नाही. डोक्यात शिरो न शिरो, हातांत शिरायचं.

मोबाइलवर कीबोर्ड कुठून आणायचा? बॉसने पडद्याच्या दोन कडांना दोन गोल बटणं दिली. दोन्हींवर एकदम बोट ठेवलं की ठोकळा खाली येणार. फोन आडवा धरायचा, दोन अंगठे, दोन हात. आम्हाला दोघांनाही ते पटलं. मी माझ्या फोनवर करून बघितलं, अंगठ्यांनी, आणि छान वाटलं.

आमच्या गाळ्याच्या खालीच एक प्रेसचा कारखाना होता. दिवसभर आमची फरशी हादरायची, माझ्या कपातल्या चहावर गोल गोल लाटा यायच्या. त्याचा मालक बॉसच्या ओळखीचा, आणि माझ्या दादाला तिथे काम लागलं तेही बॉसच्या शब्दावर. दादा आधी स्कूटरवरून पार्सलं पोचवायचा. पवईच्या चढावर एका टेम्पोने त्याला घासलं, तो पडला, डाव्या खांद्यात धातूची पट्टी बसवावी लागली. कित्येक महिने घरी बसला. तोवर पार्सलवाल्यांनी दुसरा माणूस घेतला. मग एक दिवस दादा म्हणाला, आता खांदा ठीक आहे, काम बघ कुठेतरी. मी बॉसला सांगितलं, बॉसने खाली सांगितलं, आणि दादा प्रेसवर उभा राहिला. त्या महिन्यात आई पहिल्यांदा हसताना दिसली.

त्यामुळे धडे तपासून घ्यायला बॉसने खालचाच कारखाना निवडला यात नवल नाही. खरे कामगार, खरे फोन, जिना उतरला की झालं. जेवणाच्या सुट्टीत मी खाली गेले. सात-आठ जण मशीनच्या मधे पेट्यांवर बसले होते. मी त्यांच्या फोनवर धडा उघडून दिला आणि म्हणाले, करा.

सगळे पास झाले. पटापट झाले. मी बघतच राहिले, कारण एकानेही दोन हात वापरले नाहीत. फोन मांडीवर ठेवायचा, एकाच हाताचा अंगठा एका बटणावर, त्याच हाताचं मधलं बोट ताणून दुसऱ्या बटणावर. ठोकळा खाली, टाळ्या. दुसऱ्या हातात कोणाच्या वडापाव, कोणाच्या चहा. दादाचा डावा हात मांडीवर नुसता पडलेला होता. मोबाइलचा पडदा माणसाच्या पंज्यापेक्षा लहान असतो, एवढी अक्कल आम्हा दोघांना आली नव्हती. आमचा धडा माणसांना शिकवत होता की दोन बटणांना एक हात पुरतो, आणि उरलेला हात मोकळा ठेवायला हरकत नाही. वर टाळ्या वाजवत होता.

मी मान वर केली, आणि समोर दादाचं मशीन होतं. त्याच्या डाव्या बटणावर सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी आवळून बांधली होती.

नव्या मशीनवर अशी चलाखी चालत नाही, प्रत्येक वेळी दोन्ही बटणं सोडावी लागतात. हे मशीन जुनं. डावं बटण पट्टीने कायमचं दाबून ठेवलं की मशीनला वाटतं तिथे हात आहे. मग उजवं बटण दाबलं की ठोकळा आला. डावा हात कुठेही असू दे. उजवा तर बटणावरून उचलला आणि पत्रा नीट करायला आत घातला, आणि त्याच वेळी कोपर बटणाला लागलं, की संपलं. मी हे सहा महिने रंगवत होते. मला पुढची चित्रं दिसत होती.

“ही कोणी बांधली?” मी विचारलं. दादा डबा आवरायला लागला.

तेवढ्यात सुपरवायझर आला. तोंडात काडी, दात कोरत. जास्त माल निघावा म्हणून हे लोक बटणं बांधायला लावतात, हे मी ऐकून होते. तो जवळ आला आणि म्हणाला, “काय मॅडम, झाले का सगळे पास?” मी त्याच्या कानाखाली मारली. काडी उडाली.

“पागल झाली काय!”

“माणसाचा हात जाईल ना रे! चार झाकणं जास्त काढायला पट्टी बांधतोस?”

“मी नाय बांधली! रोज सकाळी मी ब्लेडने कापतो, दुपारी बघतो तर परत बांधलेली! विचार ना यांना!”

खोटारडा, असं म्हणून मी त्याची कॉलर धरली आणि आणखी एक मारली. या वेळी त्याने मला ढकललं. मी मागे लोखंडी मांडणीवर आपटले, डोक्याच्या मागे कोपरा लागला आणि मानेवर गरम ओघळलं. ते मला आत्ताही आठवतं, कारण मी मनात म्हटलं, फार पातळ आहे, मी जाड रंगवते. मी परत त्याच्या अंगावर गेले. दोघातिघांनी मला धरलं, दोघातिघांनी त्याला. मी मोकळ्या पायाने लाथा मारत होते आणि आईबापावरून शिव्या देत होते. शेवटी एकाने कात्री आणून पट्टी कापली, मला दाखवली, तेव्हा मी थांबले.

दादा मधे पडला नाही. डबा हातात घेऊन मशीनला टेकून उभा होता, खाली बघत. सुपरवायझरपेक्षा मला त्याचाच जास्त राग आला.

वर येऊन बॉसने माझ्या डोक्याला कापूस लावला आणि लावता लावता झापलं. “ते आपले टेस्टर आहेत. टेस्टरला मारतात?” मी त्याला पंज्याचं सांगितलं. अंगठा आणि मधलं बोट, त्याच्याच फोनवर करून दाखवलं. मग त्याने स्वतःच्या पंज्याने करून बघितलं. मूर्ख नव्हता तो. पण त्याने फोनवर काय करणार? बटणं आणखी लांब न्यायला पडदा कुठे होता? शेवटी म्हणाला, “लिहून टाकू. कृपया दोन्ही हात वापरा. द्यायची तारीख गेलीये गं.” आणि लिहून टाकलं. तो धडा तसाच गेला, फुलीसकट, टाळ्यांसकट. आजही कुठेतरी लोक वडापाव खात त्यात पास होत असतील.

मी मात्र दुसरा धडा करायला घेतला. क्लायंटसाठी नव्हे. एका माणसासाठी.

दादाचा हात मला पाठ आहे. त्या हाताने मला रस्ता ओलांडून शाळेत नेलंय, त्याच हाताने मी खूप बडबडले की टपल्या मारल्यात. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. अनामिका क्रिकेटच्या चेंडूने वाकडी झालेली. मनगटाच्या वर दिवाळीत अनार फुटल्याचा पांढरा डाग. मी तो हात काढला, नखासकट, डागासकट, आणि त्याला प्रेससमोर उभं केलं. डाव्या बटणावर ट्यूबची पट्टी बांधली. उजवा हात पत्रा सरळ करायला आत गेला. एका चित्रात ठोकळा वर, पुढच्या चित्रात खाली. सगळं रक्त परत आणलं, जुन्या माणसाचं काचेवरचंसुद्धा. वाकडी अनामिका टेबलावर पडली, एकदा हलली. ते करताना मला दोनदा उठून बाथरूममध्ये जावं लागलं. पण केलं. त्याला घाबरवायचं होतं, आणि ज्याने कोणी पट्टी बांधली असेल त्याला दादानेच उद्या नाही म्हणायला हवं होतं. मी रोज खाली जाऊन मारामारी करू शकत नव्हते.

धडा पुरा झाला त्या संध्याकाळी मी घरी आले. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. दादा बाहेरच्या खोलीत ताट मांडून बसला होता. मी त्याच्यासमोर फोन ठेवला.

“परत तो धडा? पास झालो ना मी.”

“हा नवीन आहे. दाब.”

त्याने दाबलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आधी त्याला कळलं नाही. मग अंगठ्याचं नख दिसलं असावं, कारण त्याने फोन जवळ घेतला. आणि मग ठोकळा आला.

पुढचं मला दिसलं नाही, कारण माझ्या डाव्या कानात एकदम आग पेटली. मोठे झाल्यापासून त्याने माझ्यावर हात उचलला नव्हता. मी आडवी झाले, ताट उलटं झालं, फोन भिंतीवर जाऊन फुटला. मी उठले ती त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारतच उठले. तो एका हाताने मला लोटत होता, मी केस धरले, तो ओरडला. आई पिठाच्या हातांनी धावत आली.

“कित्या मारतास रे एकमेकांक! वेडी झालात काय दोघां!”

“हिनेच माझा हात तोडलान!” दादा ओरडला. “बघ काय केलान हिने! माझा हात तोडून दाखवता माका!”

“तुझाच तुटणार आहे!” मी म्हटलं. “त्या हरामखोराने पट्टी बांधली आणि तू गप उभा! शेळपट!”

“त्याने नाय बांधली.”

“मग कोणी?”

“मी बांधली. मी बांधतो रोज. तो कापतो, मी परत बांधतो.”

खोलीत माझ्या कानातली शिट्टी तेवढी वाजत होती. मी विचारलं, का. मग त्याने डावा हात वर करायला सुरुवात केली. छातीपर्यंत आला. तिथे तो थरथरायला लागला, आणि दादाच्या कपाळावर घाम आला, आणि हात आपोआप खाली पडला. खांदा ठीक झाला होता, असं त्याने आम्हाला सांगितलं होतं. छातीच्या उंचीवरचं ते बटण दिवसातून हजार वेळा दाबायचं. पहिल्या दिवशी अर्ध्या शिफ्टमध्ये हात मेला, तेव्हापासून पट्टी. आम्ही त्याच्या शेजारी बसून रोज जेवत होतो. तो उजव्या हाताने जेवत होता, आम्हाला काय कळणार? पण मला कळायला हवं होतं. मी दिवसभर हातच बघत होते.

“सांग ना दुसरं काम कोण देतो,” तो म्हणाला. “एका हाताचा माणूस कोण ठेवतो? तुझ्या पगारावर बसू घरी?”

“बस.”

“थूत. मरेन त्यापेक्षा.”

“मी उद्या खाली सांगणार.”

“सांगितलंस तर तुझा हात मोडीन. देवाशपथ मोडीन.”

आई मधेच उभी होती, पिठाचे हात पदराला न पुसता. तिने खाली बसून सांडलेला भात गोळा करायला घेतला.

सकाळी आम्ही दोघं एकाच बसने मरोळला गेलो, वेगवेगळ्या सीटवर बसून. माझ्या मनात चाललं होतं ते सांगते. मी गप्प बसले तर तो माझा भाऊ राहील, पगार आणेल, आई हसेल. फक्त एक दिवस त्याचं कोपर बटणाला लागेल. कदाचित लागणारही नाही. वर्षानुवर्षं लागत नाही लोकांचं. मला त्याची भयंकर दया येत होती आणि त्या दयेचाच राग येत होता. बसमधून उतरून त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती त्यात. नुसतं बघितलं.

तो कपडे बदलायला गेला आणि मी सरळ सुपरवायझरकडे गेले. त्याच्या गालावर माझ्या अंगठीचा ओरखडा होता. मला बघून तो दोन पावलं मागे सरला.

“तुला मारलं ते चुकलं,” मी म्हटलं. “पट्टी माझा भाऊ बांधतो. त्याचा डावा हात चालत नाही. छातीच्या वर जात नाही. त्याला मशीनवर ठेवू नको.”

“सख्खा भाऊ ना तुझा?”

“हो. म्हणून सांगते.”

मागे दादा उभा होता. शर्टाची बटणं अर्धीच लावलेली. सुपरवायझरने त्याला म्हटलं, जरा डावा हात वर कर. दादाने केला नाही. परत म्हटलं. सगळी मशीनं चालू व्हायची होती, सगळे बघत होते. मग सुपरवायझर म्हणाला, त्यातल्या त्यात हळू आवाजात, “घरी जा रे. मालकाला मी सांगतो. पूर्ण महिन्याचा पगार देतील. पण मशीनवर नाय आता.”

दादा माझ्याकडे आला. त्याने माझं उजवं मनगट धरलं आणि पिरगाळलं. मी गुडघ्यावर आले. त्याने सोडलं नाही, आणखी पिरगाळलं, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघितलं तर तो रडत होता, तोंड वेडंवाकडं करून. आत काहीतरी कडकन झालं. मी किंचाळले. लोकांनी त्याला ओढून काढलं, सुपरवायझरने त्याला कमरेत धरून बाहेर नेलं. जाताना तो ओरडत होता, “नोकरी खाल्लीन माझी! सख्ख्या बहिणीने खाल्लीन!” आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार.

मनगटाचं हाड चिरलं होतं. प्लास्टर घालण्याआधी डॉक्टरांनी माझा हात दिव्याखाली धरला आणि विचारलं, हे कोणी केलं. कातडीवर बोटांचे वळ उठले होते, जांभळे, एकेक वेगळा. चार एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला, आणि त्यातला एक वाकडा. मी म्हटलं, जिन्यावरून पडले. डॉक्टरांना ते पटलं नाही. प्लास्टर होतं तोवर मी डाव्या हाताने माऊस चालवला, आणि बॉस मला सोपी सोपी कामं देत राहिला.

दादाला आता मुलुंडलाच एका सोसायटीच्या गेटवर काम आहे. खुर्ची आहे, पंखा आहे, पगार निम्मा आहे. तो माझ्याशी बोलत नाही. शेजारपाजारी अजून सांगतो की बहिणीने माझ्या पोटावर पाय दिला. मी समोरून आले तर गेट उघडतो, कारण ते त्याचं काम आहे, आणि दुसरीकडे बघतो.

रविवारी आईने बांगडे तळले होते. आम्ही तिघं जेवायला बसलो. दादाचा डावा हात मांडीवर होता. उजव्याने तो बांगड्याचे काटे काढत होता, घाई न करता. अंगठ्याने मासा दाबायचा, बोटांच्या टोकांनी चाचपायचं, बारीक काटा चिमटीत धरून ताटाच्या कडेला ठेवायचा. मी जेवायचं सोडून ते बघत होते. आई म्हणाली, “तेची माफी माग गो. किती दिस असा चलात?” मी माफी मागितली नाही. दादाने पुढचा तुकडा घेतला आणि त्यातले काटे काढायला लागला.